एमएमएच्या लढतींचे भाव कसे वाचावेत: नव्यांसाठी पायरीपायरीने

एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स: ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा खेळ) लढतीवर पैज लावू पाहणारा नवा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो: जिंकणार कोण? त्याचं उत्तर बुकमेकरने (पैजा घेणाऱ्या कंपनीने) भावातच दिलेलं असतं, आणि ते बऱ्यापैकी अचूक असतं. तुम्ही विचारायचे प्रश्न दोन. या भावात हा फायटर घेण्यासारखा आहे का? आणि सोमवारी असलेला भाव शुक्रवारी का बदलला? ही सवय लागली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. कोणत्या क्रमाने शिकलं तर कमी त्रास होईल हे मनात धरून पुढचं लिहिलं आहे.

आधीच स्पष्ट सांगतो: पैज लावणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पैसे दीर्घकाळात जातात, कारण बुकमेकरचा वाटा प्रत्येक भावात मिसळलेला असतो. हा लेख वाचून कमाई सुरू होणार नाही. भाव वाचता येतील, आणि कुठे हात लावू नये हे कळेल.

१. आधी कायदा, मग खातं

तुम्ही राहता त्या देशात, आणि देशातल्या त्या राज्यात किंवा प्रांतात, खेळांवर पैज लावणं कायदेशीर आहे का हे पहिलं बघा. काही ठिकाणी परवाना घेतलेले बुकमेकर आहेत, काही ठिकाणी पैशाचे ऑनलाइन खेळ पूर्ण बंद आहेत. बंद असतील तर आडमार्गाने खातं उघडू नका. एजंटच्या हाती रोख देणं, परक्या देशातून जोडल्याचं भासवणं, मित्राच्या नावाचं खातं वापरणं, या सगळ्यात जिंकलेले पैसे मिळवायलाही तुमच्याकडे कुठलाच हक्क उरत नाही. अशा ठिकाणी पैसे न लावता फक्त वहीत अंदाज लिहा. पायरी २ ते ९ तशीच्या तशी लागू पडते, आणि लढत बघण्याची नजर तितकीच तयार होते.

कायदेशीर असेल तर ही कागदपत्रं आणि साधनं हाताशी ठेवा:

- फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. दोन्हींवरचं नाव तंतोतंत सारखं हवं.
- स्वतःच्या नावाचं बँक खातं. पैसे भरायला दुसऱ्याचं खातं वापरलंत तर काढताना अडकणार.
- शक्यतो दोन-तीन परवानाधारक बुकमेकरांची खाती, कारण एकाच लढतीचे भाव प्रत्येकाकडे थोडे वेगळे असतात.
- भावांचा इतिहास दाखवणारी एखादी साइट, जसं बेस्टफाइटऑड्स. फायटरची माहिती बघायला शेरडॉग, टॅपॉलॉजी आणि यूएफसी स्टॅट्स (यूएफसी ही एमएमएच्या लढती भरवणारी मोठी संस्था).
- एक वही किंवा स्प्रेडशीट. हिच्याशिवाय सुरूच करू नका.

ओळख-पडताळणी पैसे भरण्याआधी पूर्ण करा. बरेच जण ती पैसे काढायच्या दिवशी करायला जातात आणि रक्कम दिवसेंदिवस लटकते. 'स्वागत बोनस' दिसला तर त्याची अट वाचा: बोनसची रक्कम काढण्याआधी ती किती पट खेळवावी लागेल, हे तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अट समजली नाही तर बोनस नाकारा. आणि खात्यात भरणा-मर्यादा लावण्याची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी लावा.

२. भावातून टक्केवारी काढायला शिका

भाव दोन पद्धतींनी जास्त दिसतात. दशांश पद्धतीत १.५० म्हणजे १०० लावले तर मुद्दलासकट १५० परत. अमेरिकन पद्धतीत उणे चिन्ह असलेला फायटर सहसा फेव्हरिट, म्हणजे जिंकण्याची शक्यता जास्त मानलेला: −२०० म्हणजे १०० कमवायला २०० लावा. अधिक चिन्ह असलेला अंडरडॉग, म्हणजे कमी शक्यतेचा: +१७० म्हणजे १०० लावले तर १७० नफा. एखाद्या अटीतटीच्या लढतीत दोघांनाही उणे चिन्ह असू शकतं.

कुठलीही पद्धत असली तरी मनात टक्केवारी करा:

- दशांश: १०० भागिले भाव. १.५० म्हणजे ६६.७ टक्के, २.७० म्हणजे ३७ टक्के.
- उणे: आकडा भागिले (आकडा + १००). −२०० म्हणजे २०० भागिले ३००, तेच ६६.७ टक्के.
- अधिक: १०० भागिले (आकडा + १००). +१७० म्हणजे १०० भागिले २७०, तेच ३७ टक्के.

आता दोन्ही फायटरांची टक्केवारी मिळवा. ६६.७ अधिक ३७ म्हणजे १०३.७. शंभराच्या वरचे हे ३.७ म्हणजे बुकमेकरचा वाटा. बाजाराचं खरं मत हवं असेल तर प्रत्येक टक्केवारीला १.०३७ ने भागा: फेव्हरिट ६४.३, अंडरडॉग ३५.७. मुख्य लढतीच्या साध्या विजेत्यावर हा वाटा कमी असतो. 'कोणत्या राउंडमध्ये, कशा प्रकारे' असल्या बारीक पैजांवर तो बराच वाढतो. नव्या माणसाने तिकडे न जाण्याचं हे पुरेसं कारण आहे.

हा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय जमेपर्यंत एकही पैज लावू नका, असं माझं ठाम मत आहे.

३. पैज नेमकी कशावर आहे ते वाचा

सर्वात सोपी पैज विजेत्यावर. साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन राउंडची, विजेतेपदाची आणि यूएफसीत कार्यक्रमातली मुख्य लढत पाच राउंडची. 'किती राउंड चालेल' या पैजेत अर्धा राउंड म्हणजे अडीच मिनिटं. २.५ च्या वर घेतलं असेल तर लढत तिसऱ्या राउंडची २:३० मिनिटं ओलांडून गेली पाहिजे. तिसरा राउंड सुरू झाला म्हणजे जिंकलो, असं समजणारे पुष्कळ भेटतात.

याशिवाय बुकमेकरच्या नियमावलीत या चार गोष्टी शोधून ठेवा, कारण प्रत्येकाचे नियम वेगळे असतात: लढत बरोबरीत सुटली तर पैसे परत की पैज हरली; 'नो कॉन्टेस्ट' (लढतीचा निकालच धरायचा नाही असं) जाहीर झालं तर काय; प्रतिस्पर्धी बदलला तर पैज रद्द होते का; पाचाची लढत तीन राउंडची झाली तर राउंडवरच्या पैजेचं काय. उत्तेजक चाचणीमुळे निकाल काही आठवड्यांनी बदलला तरी सहसा रिंगणात जाहीर झालेला निकालच धरला जातो, हेही लक्षात असू द्या.

४. स्वतःचा अंदाज आधी, भाव नंतर

भाव एकदा बघितला की डोकं त्याच्याभोवतीच फिरतं. म्हणून लढत जाहीर झाली की आधी दोघांच्या जुन्या लढती बघा, टक्केवारी वहीत लिहा, आणि मगच भाव उघडा.

नुसत्या विजय-पराभवाच्या आकड्यावर जाऊ नका. १५-१ रेकॉर्डमधले पंधरा कोण होते ते बघा. मला सर्वात जास्त उपयोगी पडणारा प्रश्न हा: लढत कुठे होणार, उभ्याने की जमिनीवर, आणि ते कोण ठरवू शकतो? चांगला कुस्तीगीर समोरच्याला खाली पाडू शकला तर समोरच्याच्या ठोशांची ताकद कामालाच येत नाही. पण त्याचं टेकडाउन (खाली पाडण्याचा डाव) अडवणारा भेटला तर चित्र उलटं होतं. पहिल्या राउंडच्या आकड्यांपेक्षा तिसऱ्या राउंडमधला श्वास बघा. दमलेला माणूस हात खाली सोडतो, पाय जागेवर ठेवतो, पिंजऱ्याला पाठ टेकतो.

जागाही बघा. यूएफसीचा अष्टकोनी पिंजरा सहसा ३० फुटांचा असतो, पण लास वेगासच्या एपेक्स केंद्रात २५ फुटांचा. लहान पिंजऱ्यात पळायला जागा कमी, त्यामुळे अंगावर जाणाऱ्याला फायदा. ठिकाणाच्या उंचीचंही तसंच. १३ जून २०१५ रोजी मेक्सिको सिटीत केन व्हेलास्केझ फेव्हरिट होता, आणि दमसास हीच त्याची ख्याती होती. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर तोच दम सुटला आणि फाब्रिसियो व्हेर्डूमने तिसऱ्या राउंडमध्ये सबमिशनने (पकडीत अडकवून हार मानायला लावून) त्याला हरवलं. व्हेर्डूम उंचीवर सराव करायला बराच आधी गेला होता, आणि ही बातमी लढतीआधी सगळ्यांना उपलब्ध होती.

डिसिजनला (सगळे राउंड संपून पंचांच्या गुणांवर) जाणारी लढत असेल तर पंच कशाला गुण देतात हे माहीत हवं. २०१७ पासून लागू झालेल्या सुधारित निकषांनुसार परिणामकारक मार आणि परिणामकारक ग्रॅपलिंग (पकडी आणि कुस्ती) हे पहिलं. त्यात दोघं अगदी समान असतील तरच आक्रमकता, आणि तीही समान असेल तर रिंगणावरचा ताबा. नुसतं वर बसून राहिल्याने राउंड मिळेल हे गृहीत धरू नका.

५. भाव का हलतो: इथे वेळ द्या

भाव हलला म्हणजे कुणाला काहीतरी कळलं, असं नवा माणूस लगेच मानतो. कधी ते खरं असतं, बरेचदा नसतं. कारण शोधायचं तर भाव कधी हलला ते आधी बघा.

*उघडताना.* लढतीच्या काही आठवडे आधी पहिला भाव येतो. तेव्हा बुकमेकर मोठी रक्कम घेत नाही, कारण त्यालाही भावाची खात्री नसते. जाणकार लोक छोट्या रकमा लावून चूक दाखवून देतात आणि भाव पटकन सरकतो. या हालचालीमागे सहसा बातमी नसते. ती पहिल्या अंदाजाची दुरुस्ती असते.

*मधले आठवडे.* सरावात दुखापत, प्रशिक्षक बदलणं, प्रतिस्पर्धी ऐनवेळी बदलणं. दोन आठवड्यांच्या सूचनेवर आलेल्या फायटरचा दम आणि वजन दोन्ही शंकास्पद असतात, आणि भाव ते लगेच धरतो.

*वेट-इन (वजन मोजणं).* यूएफसीत खरं वजन लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी होतं. संध्याकाळी मंचावर दिसतं तो सोहळा. लाइटवेटची मर्यादा १५५ पौंड, विजेतेपद पणाला नसेल तर एक पौंडाची सूट. तराजूवर उभा असलेला माणूस नीट बघा: टॉवेलचा आडोसा घेतोय का, पायऱ्या चढताना आधार लागतोय का, ओठ कोरडे पडलेत का. त्या अर्ध्या तासात भाव झरझर सरकतात. पण वजन चुकलं म्हणजे हरणारच, असं धरून बसू नका. मे २०२२ मध्ये यूएफसी २७४ ला चार्ल्स ओलिव्हेराचं वजन अर्धा पौंड जास्त भरलं, विजेतेपद वजनकाट्यावरच गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने जस्टिन गेथजीला पहिल्याच राउंडमध्ये सबमिट केलं. अर्धा पौंड चुकणं आणि शरीर कोसळणं यात फरक आहे. तो आकड्यात दिसत नाही, चेहऱ्यावर दिसतो.

*लढतीचा दिवस.* आता बुकमेकर मोठ्या रकमा घेतो, आणि हौशी प्रेक्षकांचा पैसाही आजच येतो. हा पैसा नावामागे धावतो. २६ ऑगस्ट २०१७ च्या मेवेदर-मॅकग्रेगर सामन्यात हे सगळ्यांनी पाहिलं. सामना बॉक्सिंगचा होता, पण एमएमएच्या चाहत्यांनी त्यांच्याच खेळातून आलेल्या मॅकग्रेगरवर इतक्या छोट्या-छोट्या पैजा लावल्या की त्याचा भाव उतरतच गेला, म्हणजे बाजार त्याच्याकडे झुकत गेला. मोठ्या रकमेवाले मात्र मेवेदरकडे होते, आणि मेवेदर दहाव्या राउंडमध्ये जिंकला. भाव ज्याच्या बाजूला सरकतो त्याच्या बाजूला शहाणा पैसा असेलच असं नाही. पैजांची संख्या आणि पैजांची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एक हालचाल अशी, जिच्या जवळ जायचं नाही. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी लास वेगासमध्ये डॅरिक मिनर आणि शायिलान नुएरदानबिएके यांच्या लढतीआधी काही तासांत नुएरदानबिएकेचा भाव जोरात उतरला. त्यासोबत लढत पहिल्याच राउंडमध्ये संपेल यावरही पैसा आला. मिनर दुखापतग्रस्त असल्याची चर्चा फिरत होती, आणि लढत खरोखर पहिल्या राउंडमध्येच संपली. चौकशी लागली, मिनरचं निलंबन झालं, आणि डिसेंबरमध्ये कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताने यूएफसीवरच्या पैजा काही काळ बंद केल्या. बातमी काहीच नाही, लढत छोटी, आणि विजेता व राउंड या दोन्हींचे भाव एकदम एकाच दिशेने पळतायत, असं दिसलं की बाजूला व्हा. कुणी 'आतली बातमी' विकायला आला तर त्याला ब्लॉक करा. आतल्या माहितीवर पैज लावणं हा अनेक देशांत गुन्हा आहे, आणि विकणाऱ्याकडे बहुतेक वेळा बातमीच नसते.

६. हललेल्या भावासमोर काय करायचं

एक काल्पनिक लढत घेऊ. लाल कोपऱ्यातल्या फायटरचा भाव १.६५, निळ्यातल्याचा २.३०. टक्केवारी ६०.६ आणि ४३.५, बेरीज १०४.१. वाटा काढल्यावर लाल साधारण ५८. तुमच्या वहीत लाल ६३ आहे. १.६५ ला पुरायला ६०.६ लागतात, तुमच्याकडे ६३ आहेत, म्हणजे थोडी जागा आहे.

गुरुवारी बघता तर लाल १.४५, निळा २.८५. आता लालला ६९ टक्के लागतात. तुमचे ६३ च आहेत. बाजार तुमच्याच बाजूला आला म्हणून छाती फुगते आणि हात पैजेकडे जातो, नेमका तेव्हाच तो मागे घ्यायचा. तुमचा फायटर बरोबर असेल, भाव निघून गेलाय.

मग निळा घ्यावा का? त्याला ३५.१ लागतात, तुमच्या मते त्याचे ३७. कागदावर फायदा दिसतो, पण दोन टक्क्यांची अचूकता तुमच्या-माझ्या अंदाजात नसते. शिवाय भाव ज्या कारणाने हलला ते कारण तुम्हाला कळलेलं नसेल, तर तुमचे ३७ जुने झालेत. म्हणून क्रम असा ठेवा:

- हालचाल सगळ्या बुकमेकरांकडे आहे की एकाकडेच, ते बघा. एकाकडेच असेल तर त्याच्यावर कुणाची तरी मोठी पैज पडली असेल, किंवा तो मागे राहिला असेल.
- कारण शोधा: वजन, दुखापत, बदललेला प्रतिस्पर्धी, मुलाखत.
- कारण सापडलं तर स्वतःची टक्केवारी पुन्हा लिहा. सापडलं नाही तर लढत सोडा.

हालचाल मोजताना भावाचा आकडा फसवतो. ६.०० चा ५.०० झाला की केवढी उलथापालथ वाटते, पण टक्केवारीत ती १६.७ वरून २० म्हणजे ३.३ च आहे. १.२० चा १.१५ झाला तर कुणाचं लक्षही जात नाही, आणि ती ८३.३३ वरून ८६.९६, म्हणजे ३.६ आहे.

७. किती लावायचे

गमावले तरी घरखर्चाला, हप्त्याला, कुणाच्या औषधाला धक्का लागणार नाही एवढीच रक्कम बाजूला काढा. उसने पैसे कधीच नाही. त्या रकमेचा एक टक्का ही एक पैज, खात्री कितीही वाटली तरी दोनच्या वर नाही. १९५६ मध्ये जॉन केली यांनी मांडलेलं सूत्र वापरून रक्कम ठरवता येते. २.७० भावाला तुमचा अंदाज ४२ टक्के असेल तर ते सूत्र जवळपास ८ टक्के लावायला सांगतं. पण ते तुमचा अंदाज अचूक आहे असं धरून चालतं, म्हणून अनुभवी लोक त्याचा चौथा हिस्सा घेतात, म्हणजे २ टक्के.

चार फेव्हरिट एकत्र बांधून लावायचा मोह सगळ्यांना होतो. १.३० चे चार एकत्र केले की भाव २.८६ मिळतो. प्रत्येकाची खरी शक्यता ७४ टक्के धरली तर चारही जिंकण्याची शक्यता ३० टक्के, म्हणजे योग्य भाव ३.३३. प्रत्येक लढतीतला बुकमेकरचा वाटा असा एकमेकांवर चढत जातो. बांधलेल्या पैजा टाळा.

८. चालू लढतीतले भाव

सुरुवातीला लांब राहा. तुमच्या पडद्यावरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असतं, आणि बुकमेकरकडे ते आधी पोचतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत कमारू उस्मान चार राउंडनंतर गुणांवर पुढे होता, शेवटचं मिनिट सुरू होतं, आणि लिऑन एडवर्ड्सच्या एका हेड किकने विजेतेपद फिरलं. एमएमएत 'आता काय व्हायचंय' अशी वेळ घंटा वाजेपर्यंत येत नाही, आणि १.०३ भावावर पैसे लावणारे हेच विसरतात.

९. वही कशी लिहायची

प्रत्येक पैजेला, किंवा न लावलेल्या अंदाजालाही, एक ओळ: तारीख, लढत, तुमची टक्केवारी, कारण एका वाक्यात, घेतलेला भाव, रक्कम, पिंजऱ्याचं दार बंद होतानाचा शेवटचा भाव, आणि निकाल.

यातला शेवटचा भाव हा सर्वात मोलाचा रकाना. निकालात नशीब फार असतं. थोड्या लढतींवरून तुम्ही चांगले की वाईट हे कळत नाही. पण तुम्ही २.३० ला घेतलेला फायटर वारंवार २.०० वर बंद होत असेल, तर बाजाराच्या आधी तुम्हाला काहीतरी दिसतंय. उलट २.३० ला घेतलेले सतत २.६० वर बंद होत असतील, तर जिंकत असलात तरी रक्कम वाढवू नका, आणि कारणाचा रकाना पुन्हा वाचा.

तोटा भरून काढायला त्याच रात्री पुढच्या लढतीवर दुप्पट लावली, घरच्यांपासून रक्कम लपवली, किंवा वहीत ओळ लिहायचं टाळलं, यातलं एकही घडलं तर खात्यातली स्व-बंदीची सोय त्याच दिवशी वापरा आणि जवळच्या एखाद्या माणसाला सांगा. बऱ्याच देशांत जुगाराच्या सवयीसाठी मोफत हेल्पलाइन असते. तिचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.